बी. ए.ची नवी रचना आणि गौण विषयाचा प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतली मुले-मुली महाविद्यालयाच्या खिडकीशी उभी राहतात, आणि त्यांतली बरीचशी कला शाखेच्या रांगेत असतात. कला शाखाच का, याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. प्रयोगशाळेचे शुल्क नाही, खाजगी शिकवणी लागत नाही, कामाला जाऊन परीक्षा देता येते. आपल्यातल्या असंख्य घरांतली पहिली पदवी ही बी. ए.चीच आहे. माझ्या घरातलीही तीच होती. या पदवीची रचना गेल्या काही वर्षांत मुळापासून बदलली आहे आणि जे ती घेणार आहेत त्यांना या बदलाचा पत्ता नाही. 'मेजर', 'मायनर', 'ओपन इलेक्टिव्ह', 'क्रेडिट', 'एक्झिट' असे शब्द प्रवेश अर्जावर छापलेले असतात. मागे रांग वाढत असते, कारकून घाई करीत असतो आणि मुलगा पुढच्याने जिथे खूण केली तिथेच खूण करून मोकळा होतो. या शब्दांचा अर्थ काय, आणि त्यांतल्या 'मायनर' या एका शब्दाकडे कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी विशेष लक्ष का द्यावे, एवढेच मला इथे मांडावयाचे आहे.

विषयांत थोरले-धाकटे करण्याची पद्धत नवी नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले बी. ए. पदवीधर बाहेर पडले. चार जण. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. हे चारही जण कोणत्या थरातले होते ते निराळे सांगावयास नको. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातून भीमराव आंबेडकर बी. ए. झाले. पण त्याआधी शाळेतच त्यांचा विषय दुसऱ्या कोणी तरी ठरवून टाकला होता. अस्पृश्य म्हणून संस्कृत शिकविण्यास नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या बळावर मिळविले. 'विषयाची निवड' हे दोन शब्द आपण सहज उच्चारतो, तेव्हा हा इतिहास पाठीशी असतो हे विसरता कामा नये.

माझ्या पिढीने ज्या रचनेत पदवी घेतली तिच्यात एक विषय 'स्पेशल' आणि बाकीचे 'जनरल' असत. पुणे विद्यापीठाच्या हद्दीत शिकलेल्यांना एस-वन, एस-टू, जी-टू ही पेपरांची नावे आजही पाठ असतील. जनरलचा पेपर म्हणजे गाईड आणून काढायचा पेपर, अशीच आमची समजूत होती. नव्या रचनेतला 'मायनर' म्हणजे त्याच जनरलचे नवे नाव, असे अनेक प्राध्यापकही समजतात. ते बरोबर नाही, आणि ते का बरोबर नाही हे समजून घेण्यासाठी थोडा तपशील पाहावा लागेल.

केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये नवे शैक्षणिक धोरण मंजूर केले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा अभ्यासक्रम आराखडा काढला आणि महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने तो राज्याला लागू केला. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. या रचनेत सगळा हिशेब श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये, मांडला जातो. वर्गात पंधरा तास शिकणे म्हणजे एक श्रेयांक. एका सत्रात वीस ते बावीस श्रेयांक, वर्षाला चाळीस ते चव्वेचाळीस. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची, चार वर्षांची 'ऑनर्स' पदवी १६० ते १७६ श्रेयांकांची. यांत निम्म्याहून कमी नाही इतका वाटा मुख्य विषयाचा, म्हणजे मेजरचा. मायनरचे अठरा ते वीस श्रेयांक, आणि ते पहिल्या तीन वर्षांतच पुरे करावयाचे. उरलेल्या जागेत भाषा, कौशल्याचे विषय, मूल्यशिक्षण, 'भारतीय ज्ञान प्रणाली', क्षेत्रकार्य, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि शाखेबाहेरचे खुले विषय. पुणे विद्यापीठाच्या २०२४ च्या आराखड्यात पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाचे असतात. दुसऱ्या वर्षी त्यांतला एक मेजर होतो, एक मायनर होतो आणि तिसरा सुटतो.

म्हणजे मायनर हा पदवीचा साधारण सातवा हिस्सा आहे. तासांत सांगायचे तर २७० ते ३०० तास. एका विषयाची नीट ओळख होण्यास एवढे तास पुरतात.

आता महत्त्वाची गोष्ट. आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्याप्रमाणे ज्याने मेजर एका विषयात आणि मायनर दुसऱ्या विषयात केला आहे, तो या दोहोंपैकी कोणत्याही विषयात एम. ए.ला पात्र ठरतो. जुन्या जनरलला हे वजन नव्हते. ज्या विषयात एम. ए. त्याच विषयात नेट, सेट आणि प्राध्यापकी, हा क्रम लक्षात घेतला म्हणजे अठराव्या वर्षी खिडकीशी केलेल्या खुणेची किंमत कळते. मेजर इतिहास आणि मायनर समाजशास्त्र असलेली मुलगी उद्या समाजशास्त्राची प्राध्यापिका होऊ शकते. मराठी मेजर, अर्थशास्त्र मायनर असलेला मुलगा अर्थशास्त्रात पुढे जाऊ शकतो. शासनाच्या निर्णयाप्रमाणे मायनर आपल्याच शाखेतला असला पाहिजे असेही नाही. तो वाणिज्य किंवा विज्ञान शाखेतलाही चालतो. बी. ए. करणाऱ्याला लेखाकर्म वा सांख्यिकी शिकण्याची वाट कागदावर तरी मोकळी झाली आहे.

'कागदावर तरी' हे शब्द मी मुद्दाम वापरले. तालुक्याच्या गावी महाविद्यालयात कला शाखेचे सहा-सात विषय असतात. त्यांतल्या दोन-तीन विषयांना पूर्णवेळ प्राध्यापक, बाकीचे विषय माझ्यासारख्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या खांद्यावर. वेळापत्रकात दोन विषयांचे तास एकाच वेळी आले की ती जोडी बाद. मग महाविद्यालय स्वतःच 'गट' ठरवून देते. अमुक मेजर तर तमुक मायनर. शासन निर्णयात विद्यार्थ्याला जे स्वातंत्र्य दिले ते सूचनाफलकावर येईपर्यंत दोन-तीन गटांत आक्रसलेले असते. जिथे कला शाखा एवढी एकच शाखा आहे, तिथे शाखेबाहेरचा खुला विषय कोणी शिकवायचा? कागदावर वाणिज्याचा विषय असतो आणि वर्गात जो मोकळा असेल तो शिक्षक जातो.

यात आम्हा शिक्षकांचा स्वार्थही गुंतलेला आहे हे स्पष्ट बोलले पाहिजे. विषयाला विद्यार्थी किती, यावर त्याचे तास ठरतात, तासांवर पद ठरते आणि पदावर कोणाचे तरी घर चालते. प्रवेशाच्या दिवसांत व्हरांड्यात उभे राहून मुलांना आपल्या विषयाकडे वळविणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण वर्षानुवर्षे रिकामी ठेवलेली पदे आणि तासावर मिळणारा मोबदला ज्यांनी जन्माला घातला, त्यांना हा दोष आधी लागतो. तरीही मुलाने कोणता विषय घ्यावा हे शिक्षकाच्या पदाच्या गरजेवरून ठरू लागले, तर त्या मुलाच्या वतीने बोलणारे त्या व्हरांड्यात कोणीच उरत नाही. सुशिक्षित घरातल्या मुलाचा मामा, काका, मोठी बहीण आधीच फोन करून चौकशी करतात. आपल्या मुलाच्या घरी या प्रश्नाविषयी बोलणारे कोणी नसते. बाप एवढेच म्हणतो, "सर सांगतील तसं कर."

स्वयम् या सरकारी ऑनलाइन मंचावरून एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळविता येतात आणि ते श्रेयांक-पेढीत जमा होतात, अशीही सोय आहे. आपल्या महाविद्यालयात नसलेला विषय त्या वाटेने घेता येईल असे सांगितले जाते. घरात एक मोबाईल, तो बापाबरोबर कामावर, आणि बरीचशी व्याख्याने इंग्रजीत. ही वाट किती जणांच्या पायाखालची आहे, याचा ज्याने त्याने आपल्या वर्गात अंदाज घ्यावा.

मग मायनर कोणता घ्यावा? या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही, पण माझे एक मत आहे आणि ते मी वर्गातही सांगतो. ज्याचा मेजर भाषा-साहित्य आहे त्याने मायनर समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र वा इतिहास यांतला घ्यावा. ज्याचा मेजर सामाजिक शास्त्रांतला आहे त्याने मायनर म्हणून एखादी भाषा घ्यावी. सोपा पेपर, मिळणारे गाईड, मैत्रिणीने घेतला म्हणून, ही कारणे बाजूला ठेवावीत.

असे का, ते एका उदाहरणाने सांगतो. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली प्रसिद्ध झाले. आज ते मराठीच्या वर्गात दलित आत्मकथन म्हणून शिकविले जाते आणि त्यातली भाषा, निवेदन, वेदना यांवर प्रश्न विचारले जातात. परंतु बलुतं म्हणजे काय? गावाने वर्षभर राबवून घ्यायचे आणि खळ्यावर धान्याचा वाटा द्यायचा, तोही उपकार केल्यासारखा. मजुरीचा दर नाही, कामाचे तास नाहीत, काम नाकारण्याची मुभा नाही. ही एक अर्थव्यवस्था आहे आणि तिचे स्थान अर्थशास्त्राच्या वर्गात आहे. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले आणि ही कनिष्ठ वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. मधली तीस वर्षे काय घडले, हा इतिहासाचा व राज्यशास्त्राचा विषय आहे. एकच जगणे, पण आपल्या विद्यापीठांनी त्याचे तुकडे तीन विभागांना वाटून दिले आहेत. मराठीच्या विद्यार्थ्याला वतनाचा कायदा ठाऊक नसतो, राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने 'बलुतं' उघडलेले नसते आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकात खळ्यावरचा वाटा कुठेच येत नाही. मेजर-मायनरची जोडी शहाणपणाने लावली तर निदान यांतले दोन तुकडे एका विद्यार्थ्याच्या डोक्यात एकत्र येतील.

याचा सर्वांत मोठा दाखला बाबासाहेबांच्याच शिक्षणात आहे. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथला अभ्यास पदव्युत्तर होता, पण मुख्य आणि जोड विषयांची रीत हीच होती. मुख्य विषय अर्थशास्त्र. कोलंबियातल्या तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी एक. मानववंशशास्त्राचे अवघे चार. आणि त्याच विषयाच्या, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या बंधनात आहे, आणि ते बंधन टिकविण्याचा भार बाईवर टाकलेला आहे, ही मांडणी त्या निबंधात आहे. तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. पुढील वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला. जोड विषय म्हणजे मुख्य विषयातून उरलेल्या वेळात करावयाची गोष्ट असे त्यांनी मानले असते तर हा निबंध कुठून येता? अर्थशास्त्राच्या शिस्तीने विचार करणारा माणूस मानववंशशास्त्राच्या वर्गात जाऊन बसला, म्हणून जातीकडे पाहण्याची ही दृष्टी त्याला मिळाली असे मला वाटते.

पालीविषयी दोन शब्द. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण धम्मात येऊन सत्तर वर्षे होत आली, पण त्रिपिटकातील चार ओळी मुळातून वाचू शकणारे आपल्यात किती? मेजर म्हणून पाली घेण्याचे धाडस गरीब घरातल्या मुलाने करावे असे मी म्हणणार नाही. पुढे काय, हा त्याच्या आईचा प्रश्न रास्त आहे. मायनर म्हणून मात्र पाली घेता येईल आणि मुख्य विषयाची भाकरीही सुटणार नाही. इतिहास मेजर करणाऱ्या विद्यार्थ्याला तर अजिंठा-वेरूळ आणि अशोकाचे शिलालेख या वाटेने खऱ्या अर्थाने उघडतील. अडचण एवढीच की पालीचे पद असलेली महाविद्यालये थोडी. ज्या संस्था बुद्ध आणि बाबासाहेबांचे नाव लावून उभ्या आहेत, त्यांनी तरी हा विषय मायनरच्या यादीत आणावा, ही मागणी करावयास हरकत नसावी.

शाळेत शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक निराळी सूचना. मेजर-मायनरपैकी निदान एक विषय दहावीपर्यंत शाळेत शिकविला जाणारा असावा. तत्त्वज्ञान व मानसशास्त्र अशी जोडी अभ्यासाला कितीही चांगली असली, तरी माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात तिला जागा नाही. हे कोणी आधी सांगत नाही आणि पुढे बी. एड.च्या वेळी धावाधाव होते.

'भारतीय ज्ञान प्रणाली'चे दोन श्रेयांक सर्वांना सक्तीचे आहेत. त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. इथे एवढेच विचारतो की कातडे कमावण्याचे, लोखंड तापविण्याचे, बांबू विणण्याचे, दाईपणाचे ज्ञान या प्रणालीत बसते की नाही? बुद्धाचे आणि चार्वाकाचे प्रश्न तिच्यात येतात की केवळ उत्तरेच येतात? अभ्यासमंडळांवर असलेल्या आपल्या मित्रांनी याचा जाब द्यावा.

आता 'एक्झिट'. पहिल्या वर्षानंतर चाळीस ते चव्वेचाळीस श्रेयांक आणि कौशल्याचे वाढीव चार श्रेयांक मिळविले की प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते. दोन वर्षांनंतर पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करावी लागते. या योजनेत काहीच चांगले नाही असे मी म्हणत नाही. मधेच लग्न लावून दिलेली मुलगी किंवा ऊसतोडीला गेलेला मुलगा परत आला, तर त्याचे आधीचे श्रेयांक खात्यात शिल्लक राहतात. पूर्वी ते वाया जात. पण ज्याला आपण कालपर्यंत गळती म्हणत होतो तिला आज प्रमाणपत्र मिळू लागले आहे, याची नोंद घेतली पाहिजे. गळती म्हटली की जबाबदारी महाविद्यालयावर येते, शासनावर येते. 'एक्झिट' म्हटले की ती विद्यार्थ्याची स्वतःची निवड ठरते. एका वर्षाच्या या प्रमाणपत्रावर नोकरी कोणती? पोलीस शिपायाला बारावी पुरते, तलाठ्याला पदवी लागते, राज्यसेवेला पदवी लागते. अधल्यामधल्या कागदाला या शिडीवर पायरी नाही. ज्याच्या घरात खायला आहे तो एक्झिटच्या वाटेला जाणार नाही. तो चौथे वर्ष करील, पंचाहत्तर टक्के मिळवून संशोधनासह ऑनर्स घेईल, एम. ए. एका वर्षात उरकेल, किंवा थेट पीएच. डी.कडे वळेल. एकाच पदवीला आता अनेक दारे आहेत, आणि कोणत्या दाराने कोण बाहेर पडते याची जातवार नोंद प्रत्येक महाविद्यालयाने ठेवावी अशी मागणी आपण आजच केली पाहिजे. दहा वर्षांनी ती आकडेवारी मागू तेव्हा कोणाकडेच ती असणार नाही.

मायनरचाही याच्याशी संबंध आहे. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याच्या वाट्याला मायनर जवळजवळ येतच नाही. जिथे मेजर-मायनर दुसऱ्या वर्षी ठरतात, तिथे त्याने तीन विषयांची तोंडओळख करून घेतलेली असते आणि हातात एकही विषय धड आलेला नसतो.

जून महिन्यात कार्यकर्त्यांनी काय करावे, हे माझे विद्यार्थी मला विचारतात. वसतिगृहात, विहारात, वाचनालयात प्रवेशाआधी आठ दिवस एक टेबल मांडावे. परिसरातल्या प्रत्येक महाविद्यालयातून विषयगटांचा छापील तक्ता आणावा. तोंडी माहितीवर विसंबू नये. प्रत्येक मुला-मुलीशी पंधरा मिनिटे बोलावे आणि पुढे काय करावयाचे आहे ते आधी विचारून मग विषयांकडे यावे. हवा असलेला गट नाकारला गेला तर प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पोच हातात असली की उत्तरे बदलतात, हा माझा अनुभव आहे. जिथे पहिल्या वर्षाअखेर मायनर ठरतो, तिथे हेच टेबल वर्षाच्या शेवटी पुन्हा मांडावे लागेल, कारण तेव्हा तर खिडकीशी रांगही नसते आणि तिसरा विषय कोणता सुटला हे मुलाला दुसऱ्या वर्षाचे वेळापत्रक पाहून कळते.

माझी वाचक-प्राध्यापकांना एक विनंती आहे. आपापल्या महाविद्यालयात कला शाखेच्या विद्यार्थ्याला यंदा प्रत्यक्षात कोणकोणते मायनर उपलब्ध होते, त्यांपैकी किती विषयांना पूर्णवेळ प्राध्यापक आहेत आणि किती तासिका तत्त्वावर चालले आहेत, एवढी माहिती एका पानावर लिहून या त्रैमासिकाच्या पत्त्यावर पाठवावी. महाविद्यालयाचे नाव छापू नये असे वाटत असेल तर तसे कळवावे. जिल्हा आणि तालुका मात्र अवश्य लिहावा.